डाव्या गालावर तीन

बर्न्लीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी चहा,
चहावर झाकण म्हणून कौन्सिलचं कसलंसं पत्र.
आणि पडद्यावर ती:
रात्रीचे दोन वाजून अकरा मिनिटं, तापमान एकोणीस,
एक पाय उचललेला,
पुढची जमीन अजून पटलेली नसल्यासारखा.

मी काही प्राणितज्ज्ञ नाही.
एकतीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात
सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहिल्या.
बायकांच्या पेशी, निळ्या, गुलाबी.
कुठला ठिपका नुसताच ठिपका
आणि कुठल्या ठिपक्यासाठी डॉक्टरला फोन करायचा,
एवढंच मला येतं.
मग यंत्र आलं. आम्हांला केक दिला.

तिकडे ठिपके वाचणारी माणसं हवी होती.
झाडांना बांधलेले कॅमेरे, हजारो फोटो,
त्यातले निम्मे गवताचे,
एक माकडाच्या नाकपुडीचा.
थांडेकाने पहिल्याच निरोपात लिहिलं,
आधी मिशांच्या वर बघा, मग कूस बघा.
मी मनात त्याचं मराठी केलं
आणि त्या एका शब्दापाशी थोडी थांबले.

डाव्या गालावर तीन, उजव्या गालावर दोन.
कुशीवर, बरगड्या संपतात तिथे,
फुटक्या बांगडीसारखी खूण.
नदीकाठची मादी. नोंदीत सतरा नंबर.
मी तिला नाव ठेवलं नाही,
दोन्ही अर्थांनी.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा दोनेक वर्षांची,
आईच्या हद्दीच्या कडेकडेने रेंगाळणारी.
मग दोन पावसाळे एकटीच.
मग पोट ओघळलं, सड दिसू लागले,
मग तिच्या मागे दोन लहान गोष्टी चालू लागल्या.
तिसऱ्या महिन्यात एकच.
त्याच आठवड्यात त्याच वाटेने
एक अनोळखी नर गेला होता, मुळीच घाईत नसलेला.
मी तारखा भरल्या.
पुढच्या उन्हाळ्यात तिची कूस पुन्हा उजवली.
फोटोत तिच्या चेहऱ्यावर
दुःख शोधत बसले होते मी, मूर्खासारखी.
तिचा चेहरा भुकेचा होता.

ओतूरहून भाऊ फोनवर हसतो:
एवढ्या लांबचं काय बघत बसलीस?
इकडे ये, उसात तीन आहेत,
परवा हाडवळ्यांचं कुत्रं नेलं.
हसता हसता तो बॅटरी चालू-बंद करून बघतो,
मला खटका ऐकू येतो.
रात्री मोटर लावायला आता दोघं जातात.
त्याला मी तिच्याबद्दल फारसं सांगत नाही.

शेजारची डोरीन कुंपणावरून विचारते,
तुझं मांजर कसंय?
मी म्हणते, बरंय. कान फाटलाय.
अगंबाई, म्हणते डोरीन, तिच्या भाषेत,
आणि कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढत नेते.

ऑगस्टपासून ती नाही.
नदीकाठी दुसरी फिरते, तरुण,
डाव्या गालावर दोन, ठिपके कोरे करकरीत.
तिची मुलगी असेल. नसेलही.
ठिपक्यांवरून आई सापडत नाही,
ते ज्याचे त्याला मिळतात.

अर्जात तीन रकाने आहेत:
दिसली. मृत. माहीत नाही.
थांडेका म्हणते, अकरा वर्षं म्हणजे पुष्कळ झाली,
नऊ वर्षं तर तुम्हीच पाहिलीत.
तळघरात आमच्याकडे चौथा रकाना असायचा.
नमुना अपुरा.
बाईंना पुन्हा बोलवा.

चहा निवला. पत्राला गोल डाग पडलाय.
पुढचा फोटो गवताचा.
त्याच्या पुढचाही गवताचा.
त्याच्या पुढच्यात गवत जरा एका बाजूला वाकलेलं.
मी मोठं करून बघते.